शांत ओळ शेवटच्या रांगेपर्यंत

खान्देशात 'बँड' म्हटलं की डोळ्यांसमोर वरात येते. गाडीवर रचलेले स्पीकर, बेंजो, पुढे नाचणारी पोरं. त्यामुळे सभागृह ठरवायला गेलं की पहिला प्रश्न येतो, "नवरदेव कुठला?" उदास, संथ, दोन-दोन मिनिटं नुसतं पुटपुटत राहून मग एकदम अंगावर येणारं रॉक इथल्या साउंडवाल्यांच्या रोजच्या कामात बसत नाही, आणि त्यात त्यांची चूक नाही. त्यांची सगळी मांडणी पहिल्या मिनिटापासून शेवटच्या मिनिटापर्यंत सारख्याच मोठ्या आवाजासाठी केलेली असते. या रॉकमध्ये सगळं बळ हळू ओळीत साठलेलं असतं. ती ओळ मागच्या रांगेत पोचली नाही, तर नंतरचा कल्लोळ कितीही मोठा केला तरी फुकट.

जळगावात जानेवारीत, साडेपाचशे खुर्च्यांच्या बंदिस्त सभागृहात असा एक शो उभा केला. दोन गिटार, बास, ड्रम, कीबोर्ड, एक गायक आणि एक ट्रम्पेट. चौदा गाणी, ऐंशी मिनिटं. दहा गाणी मुलांची स्वतःची, मराठी; चार 'द नॅशनल' या अमेरिकन रॉक बँडची. दुसऱ्याची गाणी जाहीर कार्यक्रमात वाजवायची तर आयपीआरएसचा (गीतकार-संगीतकारांच्या हक्कांची संस्था) परवाना लागतो, तो आधी काढला.

नमुना 'द नॅशनल'चाच होता, म्हणून त्यांच्याबद्दल थोडं. ओहायोतल्या सिनसिनाटीची ही मंडळी, बँड १९९९ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये जमला. गायक मॅट बर्निंगरचा आवाज खर्जाकडे झुकलेला. गिटारवर डेसनर जुळे भाऊ, बास आणि ड्रमवर डेव्हेनडॉर्फ भाऊ, आणि लाइव्ह शोमध्ये सोबत ट्रम्पेट-ट्रॉम्बोन. रेकॉर्डवर ही गाणी आवरलेली वाटतात, मंचावर ती फुटतात. बर्निंगर लांबलचक केबल ओढत प्रेक्षकांत शिरतो, आणि शेवटचं गाणं अनेकदा माइक-स्पीकर बंद करून, प्रेक्षकांच्याच गळ्यातून होतं. ५ मे २०१३ रोजी त्यांनी न्यूयॉर्कच्या 'मोमा पीएस-१' मध्ये रॅग्नर क्यार्तान्सन या आइसलँडच्या कलाकारासाठी 'सॉरो' हे साडेतीन मिनिटांचं एकच गाणं सहा तास, १०५ वेळा वाजवलं. आम्हाला एवढं करायचं नव्हतं. पण केबल घेऊन खाली उतरणं आणि शेवटी सगळं बंद करून गाणं, या दोन गोष्टी जमवायच्याच होत्या. सगळ्यात जास्त कामही त्याच दोन गोष्टींनी काढलं.

तारीख पौषातली धरली. पौषात लग्नं नसतात, त्यामुळे साउंड, जनरेटर, मंगल कार्यालय आणि मुख्य म्हणजे ट्रम्पेटवाला, सगळे मोकळे आणि भाव निम्म्यावर. दुसरं कारण पंख्यांचं. एप्रिल-मेमध्ये जळगावचा पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला जातो. तेव्हा पंखे किंवा कूलर बंद ठेवा म्हणणं म्हणजे प्रेक्षकांना घरी पाठवणं. जुन्या सभागृहातले पंखे पुटपुटणाऱ्या गायकाला सहज गिळतात. जानेवारीत ते कुणी न सांगता बंद असतात.

तालमीसाठी एक मंगल कार्यालय आठ दिवस घेतलं. रिकाम्या कार्यालयात खाली फरशी, भिंतीला टाइल्स, टाळी वाजवली की ती तीन सेकंद घुमते. अशा जागी ड्रमर आपोआप जोरात वाजवतो, कारण त्याला स्वतःचं काहीच नीट ऐकू येत नाही. उपाय तिथेच पडलेला होता: वऱ्हाडासाठीच्या कापसाच्या गाद्या. चोवीस गाद्या दोरीला टांगून ड्रमच्या मागे आणि दोन्ही बाजूंना लावल्या, भिंतीपासून एक वीत सोडून. भिंतीला चिकटवलेली गादी मुख्यतः वरचा, बारीक आवाज नीट शोषते. मागे पोकळी सोडली की ती आणखी खालपर्यंत काम करते. बासचा घुमारा तरीही राहतोच. त्याला गादी पुरत नाही, बासचा आवाजच कमी करावा लागतो.

ट्रम्पेटवाला वरातीच्या बँडमधला. हात तयार, दम भरपूर, पण त्याचं वाद्य बी-फ्लॅटचं. म्हणजे तो ज्याला 'सा' म्हणून सी धरतो, तो ऐकू येतो बी-फ्लॅट. गिटारवाल्यांची लाडकी पट्टी ई, आपली पांढरी तीन. ती ट्रम्पेटवर वाजवायची तर त्याला एफ-शार्पमधून जावं लागतं, सहा शार्प. बोटं अडखळतात आणि स्वरही डगमगतात. तीन तालमी यातच गेल्या. शेवटी दोन्ही गिटार आणि बास अर्धा स्वर उतरवले: ई-चं ई-फ्लॅट, म्हणजे काळी दोन. ट्रम्पेटला ते सरळ एफ झालं, एकच फ्लॅट. गायकालाही खालच्या स्वरात आराम मिळाला. उतरवलेल्या तारा सैल पडून खडखडतात, म्हणून दहाच्या संचाऐवजी अकराचा संच चढवला. तार जाड झाली की गिटारच्या मानेवर ताण बदलतो, तेव्हा हे काम शोच्या आदल्या दिवशी करू नये. निदान चार दिवस आधी.

थंडीचा एक त्रास मात्र आहे. हवा गार झाली की गिटारच्या तारा आखडून स्वर चढतो, आणि ट्रम्पेटमधली हवा गार असेल तर त्याचा स्वर उतरतो. दोघं विरुद्ध दिशेला पळतात. ट्रम्पेटवाला विंगेत दहा मिनिटं बसून राहिला आणि मग एकदम आत आला, की पहिल्या चार ओळी बेसूर ठरलेल्या. त्याने वाद्य शालीत गुंडाळून ठेवायचं आणि आत येण्याआधी दोन मिनिटं आवाज न काढता नुसती गरम फुंकर मारत राहायची, हे ठरवून घेतलं. ट्यूनिंग स्लाइड आत ढकलून थोडं भागतं, पण गरम फुंकरीची सर त्याला नाही. त्याचा आणखी एक सवाल होता, तो अजून सुटलेला नाही: "ह्या गानामा नाचानं कोठे, भाऊ?"

शोच्या दिवशी सकाळी नऊला सामान उतरलं. पहिलं काम विजेचं. मल्टिमीटरने फेज-न्यूट्रल २३२ व्होल्ट, ठीक. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात ११. हे दोन-तीनच्या वर असू नये. अर्थिंगचा खड्डा शोधला तर तो विटांच्या तुकड्यांखाली कोरडाठाक. काळी माती वाळली की आकसते, भेगा पडतात, आणि पट्टीचा मातीशी संबंधच सुटतो. दोन बादल्या मिठाचं पाणी ओतलं, तासाभराने आकडा ३ वर आला. हे तात्पुरतं, पण त्या रात्रीपुरतं पुरेसं. इथे काही लोक दुसराच उपाय करतात: ॲम्प्लिफायरच्या प्लगची अर्थची पिन काढून टाकतात. घरघर जाते खरी. पण ज्या दिवशी त्या ॲम्प्लिफायरमध्ये दोष निघेल, त्या दिवशी हात गिटारच्या तारेवर आणि ओठ माइकच्या जाळीवर असलेला माणूसच अर्थिंग होतो. ते कधीही करू नये.

घरघर शोधायची रीत सांगतो, कारण शांत ओळीची खरी वैरीण तीच. मिक्सरवरचे सगळे चॅनल बंद करा. तरीही घरघर आहे, तर दोष मिक्सरच्या पुढे, पॉवर ॲम्प्लिफायरच्या बाजूला. गेली, तर एकेक चॅनल उघडत जा. आमच्याकडे तिघे चोर निघाले. कीबोर्डचा चॅनल उघडताच खोल 'घूं' आली, ५० हर्ट्झची. लॅपटॉपचा चार्जर काढला की बंद. लॅपटॉप बॅटरीवर ठेवला आणि डीआय बॉक्सवरचं (वाद्य थेट मिक्सरला जोडणारी डबी) ग्राउंड लिफ्टचं बटण दाबलं. ते सिग्नलच्या वायरीची जमीन तोडतं, विजेची नाही, म्हणून त्यात धोका नाही. दुसरा आवाज चिरका, 'झिर्रर्र' असा, तोही फक्त सभागृहाचे जुने हॅलोजन दिवे अर्धवट मंद केले की यायचा. डिमर अर्ध्यावर असताना विजेची लाट मधेच कापतो, तो कचरा सगळ्या तारांत शिरतो. दिवे पूर्ण चालू किंवा पूर्ण बंद असतील तर आवाज नाही. म्हणून जुने दिवे बंदच ठेवले, सोळा एलईडी पार (मंचावरचे गोल दिवे) भाड्याने आणले आणि त्यांना वेगळा फेज दिला. तिसरी घरघर एका गिटारच्या सिंगल-कॉइल पिकअपची (तारांचं कंपन पकडणारं एकेरी वेटोळं). तिला औषध नाही, पण गिटारवाला नव्वद अंश वळला की ती निम्मी होते. तो ज्या कोनात उभा राहिला की आवाज सर्वांत कमी, तिथे जमिनीवर त्याच्या दोन्ही बुटांभोवती पांढरी टेप लावली. शांत गाण्यात त्याने त्या टेपमध्येच उभं राहायचं.

जनरेटर २५ केव्हीएचा, इमारतीच्या मागे तीस मीटरवर. सगळा भार बारा-तेरा किलोवॅटच्या आतच होता. वीज गेली की जनरेटरवर बदली व्हायला वीस सेकंद, आणि डिजिटल मिक्सर बंद पडून पुन्हा उभा राहायला त्याहून जास्त. म्हणून मिक्सर आणि स्टेजबॉक्स (मंचावरच्या माइकच्या वायरी जिथे जोडतात ती पेटी) एक केव्हीएच्या यूपीएसवर. यूपीएस नसेल तर डिजिटल मिक्सर आणूच नका.

माइकचा हिशोब: ड्रमला सहा, बासला डीआय, दोन गिटार ॲम्पला एसएम-५७ माइक, कीबोर्डचे दोन, ट्रम्पेटचा एक, गळ्याचे तीन. पंधरा. सोळावा प्रेक्षकांत जाणाऱ्या केबलसाठी राखीव. गिटारचे ॲम्प प्रेक्षकांकडे तोंड करून ठेवायची पद्धत आम्ही मोडली. ते मंचाच्या दोन बाजूंना, एकमेकांकडे तोंड करून, खाली वीट घालून वर तिरपे केले. ॲम्पचा आवाज वाजवणाऱ्याच्या पोटऱ्यांवर जात असेल तर त्याला तो कमीच वाटतो आणि तो वाढवत सुटतो. कानावर आला की गप्प बसतो. ड्रमखाली सहा बाय सहाची सतरंजी, स्नेअर ड्रमवर रुमालाची घडी, आणि पाच हळू गाण्यांना काड्यांऐवजी रॉड (बारीक काड्यांची जुडी, आवाज हळू).

गायक हळू गातो म्हणून त्याच्या माइकचा गेन (माइकचा आवाज मिक्सरमध्ये शिरतानाच किती वाढवायचा ते) जास्त ठेवावा लागतो, आणि गेन जास्त म्हणून स्पीकरचा आवाज परत माइकमध्ये शिरून शिट्टी लवकर येते. सगळी ओढाताण इथे आहे. ओठ माइकपासून दोन सेंटीमीटरवर असतील आणि ते आठवर गेले, तर बारा डेसिबल गेले. तेवढे मिक्सरवर परत आणायला जावं तर मॉनिटर (कलाकाराला आवाज ऐकवणारा मंचावरचा स्पीकर) किंचाळतो. म्हणून गायकाला एकच नियम: हळू ओळीत ओठ जाळीला टेकलेले, ओरडताना वीतभर लांब. इतक्या जवळून गायलं की आवाजाचा खालचा भाग फुगतो, २०० ते ३०० हर्ट्झमध्ये चिखल होतो. आपण तो गायकातून कापायला जातो आणि गळा पत्र्याचा होऊन बसतो. आम्ही उलट केलं: गायकातून दोनच डेसिबल काढले, गिटार आणि कीबोर्डमधून २५० च्या आसपास चार. त्याच्यासाठी जागा झाली. गायकाचा माइक, एसएम-५८, बरोबर पाठीमागून सर्वांत कमी ऐकतो, म्हणून मॉनिटर माइकच्या शेपटीच्या रेषेतच, इंचभर इकडेतिकडे नको.

साउंडवाल्याच्या ऑपरेटरशी दोन गोष्टींवर वाजलं. एक, गळ्यावरचा एको. ऑर्केस्ट्राच्या सवयीने तो एको लावतोच. हळू ओळीत शब्दाच्या मागे शब्दाची सावली पडली की कविता संपली. दुसरं, लिमिटर, म्हणजे ठरलेल्या पातळीवरचा आवाज दाबणारं यंत्र. हळू भागात मिक्सरपाशी साधारण ७५ डेसिबल आणि शेवटच्या कल्लोळात ९८ असं अंतर ठेवलं होतं. त्याने लिमिटर घट्ट आवळला की हळू भाग वर येतो, मोठा भाग दबतो आणि चौदाही गाणी सारख्याच उंचीची होतात. शेवटी तडजोड झाली: गळ्यावर तीनास एकचा हलका कॉम्प्रेसर (मोठा आवाज थोडा दाबणारा), बाकी फेडर, म्हणजे मिक्सरवरच्या सरकपट्ट्या, हाताने. त्यासाठी त्याला प्रत्येक गाण्याचा कागद दिला, त्यावर शब्द आणि शब्दांच्या बाजूला बाण. गाणं पाठ नसलेल्या माणसाकडून हे काम होत नाही.

आता केबल. वायरलेस घ्यावासा वाटतो, पण साडेपाचशे फोनांच्या गर्दीत स्वस्त वायरलेस दगा देतो. तीस मीटरची एकसलग केबल, आणि तशीच दुसरी विंगेत तयार. जोडून लांब केलेली केबल जोडावरच सुटते. केबल सोडायला दोन माणसं: एक मंचाच्या कडेला, एक गायकाच्या मागे पाच-सहा पावलांवर, हातात वेटोळं. केबल डोक्यांवरून न्यायची, खुर्च्यांमधून नाही. लोखंडी खुर्चीच्या पायाने ती एकदा कापली गेली होती, तालमीतच, नशीब.

गायक मुख्य स्पीकरच्या पुढे आला की शिट्टी ठरलेली. म्हणून सोळावा चॅनल वेगळा बांधला: गेन सहा डेसिबल कमी, १५० हर्ट्झच्या खालचं सगळं कापलेलं, दोन ते चार हजार हर्ट्झमध्ये खड्डा, आणि मॉनिटरला हा चॅनल जातच नाही. स्पीकरसमोर तीन मीटरवर जमिनीला पट्टी मारली, तिच्या आत यायचं नाही. तो भाग ओरडण्याचाच असल्याने सहा डेसिबलचा तोटा जाणवत नाही.

पण खरी गंमत वेळेची आहे. गायक मंचापासून पंधरा मीटरवर गेला की ड्रमचा ठोका त्याच्यापर्यंत ४४ मिलिसेकंद उशिरा येतो. तो त्या ठोक्याबरोबर गातो. त्याचा आवाज केबलमधून क्षणात मंचावरच्या स्पीकरला जातो, आणि तिथे मूळ ठोका केव्हाच होऊन गेलेला असतो. म्हणजे सभागृहाला गाणं कायम ४४ मिलिसेकंद मागे ऐकू येतं. ड्रमर बिचारा त्याला सांभाळायला लय ओढतो, मग ठोका आणखी उशिरा, मग गायक आणखी मागे. पहिल्या तालमीत मिनिटाला १२० ठोक्यांची लय एका कडव्यात ११० वर आली. ड्रमरने गायकाचा आवाज आपल्या मॉनिटरमधून पूर्ण काढला आणि कानात मेट्रोनोम घातला. गायकाला सांगितलं, कानाने ऐकू नकोस, ड्रमरचा उजवा हात बघ. प्रकाश उशीर करत नाही. म्हणून त्या गाण्यात ड्रमवर एक पांढरा दिवा सतत ठेवला, नाहीतर अंधारात हात दिसणार कसा.

प्रेक्षकांचं म्हणाल तर सर्वांत मोठा अडथळा केळीचे वेफर्स निघाले. मध्यंतर नव्हतं, पण दारातच स्टॉल होता आणि प्लास्टिकच्या पुड्या आत आल्या. तिसऱ्या गाण्याच्या पहिल्या ओळीला एकाच वेळी सात-आठ पुड्यांची कुरकुर झाली. पुढच्या वेळी स्टॉलवाल्याला कागदी द्रोण द्यायचे. खुर्च्यांच्या बिजागऱ्यांना मात्र दुपारीच तेल घातलं होतं, साडेपाचशेपैकी ज्या करकरत होत्या त्या साठेक खुर्च्यांना. सभागृह भरलं की ध्वनी बदलतो, हेही धरून चालावं: दुपारी घुमणारी जागा माणसांच्या स्वेटर-शालींनी कोरडी होते. दुपारच्या घुमाऱ्यावर चिडून फार कापाकापी केली असेल तर रात्री सगळं बोथट ऐकू येतं.

शेवटचं गाणं विनामाइक. दोन साधे गिटार, मंचाच्या अगदी कडेला सातही जण. मोकळ्या गळ्याचा आवाज अंतर दुप्पट झालं की सहा डेसिबलने उतरतो. भिंती थोडं परत देतात, तरी विसाव्या रांगेत फार काही उरत नाही. तिथे तीस मीटरवरच्या जनरेटरची गुरगुरही भारी पडते. आणि वीज नेमकी साडेसातला गेलेली. मग सगळा पॉवर ॲम्प्लिफायर बंद केला, मंचावर बॅटरीचे दोन दिवे लावले, दारांवरचे आपत्कालीन दिवे चालू आहेत हे पाहिलं आणि जनरेटरवाल्याला फोनवर मिस्ड कॉल दिला. तो संकेत आधी ठरलेला होता. जनरेटर थांबला तेव्हा, इतका वेळ तो चालू होता हे लोकांच्या लक्षात आलं.

ध्रुवपदाच्या चार ओळी तिकिटाच्या मागे छापल्या होत्या, मोठ्या टाइपात. कीर्तनात पालुपद उचलायची सवय इथे सगळ्यांना आहे, त्यामुळे शिकवावं लागलं नाही. दुसऱ्यांदा ओळ आली तेव्हा मागच्या रांगा आधी उठल्या आणि गाणं मागून पुढे आलं. एकच चूक झाली: गिटारवाल्यांनी पट्टी काळी दोनच ठेवली. बायकांना ती फार खाली जाते आणि वरच्या सप्तकात फार वर. काळी चार किंवा पाच बरी पडली असती, कॅपो (गिटारच्या मानेवर लावायचा चिमटा) पाचव्या-सातव्या घरात लावला की काम झालं असतं.

आठ वाजून पस्तीस मिनिटांनी संपलं. रात्री दहाच्या लाउडस्पीकरच्या नियमाला बंदिस्त सभागृह अपवाद असलं तरी सामान बाहेर काढतानाच्या आरडाओरड्याला शेजारी अपवाद मानत नाहीत, म्हणून वेळ हातात ठेवलेली होती. जनरेटर सभागृह रिकामं होईपर्यंत सुरू केला नाही. लोक अंधुक उजेडात, ती ओळ गुणगुणतच जिन्याने उतरले. मग वीज आली, पंखेही कुणीतरी चालू केले, आणि केबल गुंडाळायला घेतल्या: एक वेटोळं सरळ, एक उलटं, म्हणजे पुढच्या वेळी गाठ पडत नाही.